गाडीच्या आतल्या प्लास्टिकवरचे ओरखडे: आधी ओळख, मग फडकं

द्राक्षांचा हंगाम संपला की आमच्या गाडीचं आतलं रूप बघवत नाही. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत दिंडोरी तालुक्यातला मळा ते नाशिक अशा खेपा चालूच असतात. डिकीत क्रेट, मागच्या सीटवर डबे आणि पाण्याचा जार, पुढे मळ्यातल्या बुटांसकट वडील. डिकीच्या दोन्ही बाजूंना क्रेटच्या कोपऱ्यांनी ओढलेल्या पांढऱ्या रेघा उमटतात, दारांच्या खालच्या भागावर बुटांचे काळे फराटे. आत पाय टाकताना लागणारी पट्टी, म्हणजे गाडीचा उंबरठा, तिचा तर मूळ रंग कोणता हे सांगावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी हे सगळं मी एकाच पद्धतीनं काढायला बसले. भांड्यांची हिरवी घासणी, भांड्यांचंच लिक्विड आणि दंडातला जोर. फराटे गेले. पण वाळल्यावर ड्रायव्हरच्या दारावर तळहाताएवढा एक चकचकीत पट्टा दिसू लागला. प्लास्टिकवरचे बारीक दाणे, ज्यांच्यामुळे ते चामड्यासारखं मंद दिसतं, ते घासणीनं खरवडून सपाट झाले होते. तो पट्टा आजही तसाच आहे आणि कशानंही भरून येणार नाही. तिथला मूळ फराटा मात्र साध्या खोडरबरानं निघाला असता, हे नंतर दुसऱ्या दारावर करून बघितलं तेव्हा कळलं.

म्हणून साफसफाईआधी एक गोष्ट ओळखायची: ही खूण प्लास्टिकच्या वर आहे की प्लास्टिकमध्ये आहे. आपण ज्याला सरसकट ओरखडा म्हणतो, त्यातल्या पुष्कळशा खुणा निव्वळ वर चिकटलेल्या असतात. बुटाचं रबर, बॅगेचा रंग, क्रेटचं प्लास्टिक असं काहीतरी घासून तिथे राहिलेलं असतं. ते काढता येतं. जे आत गेलंय ते काढता येत नाही, फक्त झाकता किंवा सौम्य करता येतं.

ओळखायचं कसं

गाडी सावलीत घ्या, दार उघडा आणि मोबाईलचा टॉर्च प्लास्टिकला जवळजवळ टेकवून तिरका धरा. समोरून उजेड पाडला तर काहीच कळत नाही. तिरक्या उजेडात चिकटलेला फराटा दाण्यांच्या माथ्यावर बसलेला दिसतो आणि दोन दाण्यांमधली खाच स्वच्छ असते. खरा ओरखडा असेल तर दाणेच कापले गेलेले, चेपलेले दिसतात.

मग नख आडवं फिरवा. नख कशाला अडकलं नाही तर खूण वरवरची. किंचित उंचवटा लागला तर काहीतरी चिकटलंय. नख खाली घसरलं तर प्लास्टिक कापलं गेलंय.

शेवटची परीक्षा पाण्याची. ओल्या बोटानं खुणेवर पाणी लावा. पांढरी रेघ ओली असताना दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर ओरखडा उथळ आहे आणि चांगल्या ड्रेसिंगनं, म्हणजे प्लास्टिकवर चोळायच्या तयार द्रावणानं, तो बऱ्यापैकी झाकला जाईल. ओली असतानाही तितकीच पांढरी दिसली तर प्लास्टिक खोलवर पांढरं पडलंय.

हे पांढरं पडणं कशामुळे, तेही सांगते. दारं, डिकी, उंबरठा यांचं कडक प्लास्टिक बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन असतं आणि ताकद यावी म्हणून त्यात टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पांढरी पूड, मिसळलेला असतो. पॅनल काढलं तर मागच्या बाजूला ‘पीपी+टी२०’ असे शिक्के सापडतात. त्याचा अर्थ २० टक्के टाल्क. ओरखडा पडला की आतला हा पांढरा टाल्क उघडा पडतो आणि ताणलेलं प्लास्टिकही पांढुरकं होतं. काळ्या-करड्या पॅनलवर बारीकशी रेघ खडूनं ओढल्यासारखी उठून दिसते ती यामुळे. गिअरभोवतीचा भाग, एसीच्या जाळ्या, बटणांच्या चौकटी यांत बऱ्याचदा एबीएस नावाचं वेगळं प्लास्टिक असतं. मीटरसमोरची पारदर्शक काच ही खरी काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट किंवा अॅक्रिलिक असतं. हा फरक पुढे उपयोगी पडतो, कारण एकाला चालतं ते दुसऱ्याला विरघळवतं.

काय काय लागेल

तीन-चार मायक्रोफायबर फडकी, दीड इंची मऊ रंगाचा ब्रश, जुना मऊ टूथब्रश, पांढरं खोडरबर, सौम्य शॅम्पू, पांढरं व्हिनेगर, मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मॅट फिनिशचं, पाण्यावर आधारलेलं प्लास्टिक ड्रेसिंग. ब्रशच्या पत्र्याच्या पट्टीवर आधी इन्सुलेशन टेप गुंडाळा. नाहीतर साफ करता करता तोच पत्रा नवा ओरखडा काढतो. मॅजिक स्पंज म्हणून विकला जाणारा पांढरा मेलामाइन फोम ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्याबद्दल खाली वाचूनच हातात घ्या.

थिनर, पेट्रोल, रॉकेल आणि नेलपॉलिश रिमूव्हर गाडीजवळ आणूच नका. रिमूव्हरमध्ये अॅसिटोन असेल तर एबीएस अक्षरशः विरघळतं, आणि मीटरच्या काचेत जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. पेट्रोल-थिनरचा धोका तर प्लास्टिकच्याही पलीकडचा. बंद गाडीत त्याची वाफ साठते.

कोरडी धूळ आधी

हा भाग लोक घाईत उरकतात आणि इथेच सगळं बिघडतं. आपल्याकडची धूळ साधी नाही. निफाड-दिंडोरीकडची काळी माती वाळली की तिचं पीठ होतं आणि त्यात बारीक वाळू असते. हायवेची धूळ वेगळी, कांद्याची पत्ती वेगळी. त्यावर एकदम ओलं फडकं फिरवलं की तेच फडकं पॉलिश पेपरचं काम करतं. चकचकीत काळ्या पट्ट्यांवर गोल गोल जाळं उमटतं, ते याच सवयीनं.

गाडी सावलीत उभी करून तासभर दारं उघडी ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या प्लास्टिकवर कुठलंही द्रावण लावलं की ते लगेच सुकतं आणि डाग सोडतं. मग वरून खाली या: आधी डॅशबोर्ड, मग दारं, शेवटी उंबरठा. एका हातात व्हॅक्यूमची नळी, दुसऱ्या हातात ब्रश. ब्रशनं धूळ उठवायची आणि नळीनं तिथल्या तिथे ओढायची. घरचा व्हॅक्यूम पुरतो. तोही नसेल तर ब्रश आणि किंचित दमट फडकं; फडक्यानं घासायचं नाही, टिपून घ्यायचं आणि दर टिपणीला नवी घडी उघडायची.

साधी धुलाई

एक लिटर कोमट पाण्यात पाव चमचा शॅम्पू. एवढंच. जास्त घातला तर फेस दाण्यांत राहतो आणि त्यावर धूळ बसते. पाणी महापालिकेच्या नळाचं घ्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके काळ्या प्लास्टिकवर लगेच उमटतात.

द्रावण नेहमी फडक्यावर किंवा ब्रशवर घ्यायचं, पॅनलवर फवारायचं नाही. दारात पॉवर विंडोची बटणं असतात, गिअरजवळ चार्जिंगची सॉकेट. टूथब्रश द्रावणात बुडवा, झटका आणि हाताएवढ्या तुकड्यावर हलकेच गोल फिरवा. दाण्यांतून करडा फेस वर येताना दिसेल. तो वाळायच्या आत दमट फडक्यानं उचला, मग कोरड्यानं पुसा. फेस पांढरा राहिपर्यंत तोच तुकडा पुन्हा करा, मग पुढे जा. ड्रायव्हरच्या एका दाराला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

सनस्क्रीनचे पांढुरके ठसे आर्मरेस्टवर आणि दाराच्या हँडलपाशी असतात, तेही कोमट शॅम्पूच्या पाण्यानं दोन-तीनदा केल्यावर निघतात.

उरलेल्या खुणा, एकेक करून

बुटांचे काळे फराटे: पांढरं खोडरबर घ्या, पेन्सिलचं असतं तेच. फराट्याच्या दिशेनंच, एका बाजूला, हलक्या हातानं ओढा. रबराची काळी सुरळी सुटून येते, ती ब्रशनं झाडा आणि पुन्हा ओढा. चिवट असेल तर फडक्याच्या टोकावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसा. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून दारं सगळी उघडी आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको. पहिल्यांदा लावताना सीटखालच्या किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या न दिसणाऱ्या जागी लावून पाच मिनिटं थांबा. फडक्यावर पॅनलचा रंग आला तर तिथेच थांबायचं.

मेलामाइन फोम काम करतो, पण तो मुळात अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. उंबरठ्याची पट्टी, डिकीचा कडक भाग अशा दणकट, दाणेदार प्लास्टिकवर ओला करून, दाब न देता, तीन-चार हात फिरवायला हरकत नाही. चकचकीत पट्टी, स्क्रीन, मीटरची काच आणि हाताला मऊ लागणारा डॅशबोर्ड यांच्यावर तो कधीच नको.

बोर्डोचे निळे डाग: द्राक्षवाल्यांच्या गाड्यांत हे हमखास असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की बुटांबरोबर मोरचूद-चुन्याचं मिश्रण गाडीत येतं आणि वाळून निळसर-पांढरा थर बसतो. साबणानं तो हलत नाही, कारण त्यात चुना आहे. चुन्याला आंबट लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करा, कापसाचा बोळा भिजवून डागावर दोन मिनिटं ठेवा, मग दमट फडक्यानं उचला आणि साध्या पाण्यानं पुसा. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपकेही याच उपायानं जातात. मात्र हे औषधाचे अवशेष आहेत. हातमोजे घाला आणि ते फडकं घरच्या कपड्यांत धुवू नका.

हळद-कुंकू: दसऱ्याला गाडीची पूजा झाली की स्टिअरिंगच्या आजूबाजूला, डॅशबोर्डवर बोटं उमटलेली असतात. इथे पाणी पहिल्यांदा लावायचंच नाही. ओली झालेली हळद दाण्यांत उतरते आणि साबण लागला की लाल होते. चुना घालून हळदीचं कुंकू होतं, तोच प्रकार. आधी कोरड्या ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं जेवढं निघेल तेवढं काढा. मग अल्कोहोलचा बोळा टेकवून टिपा, दर वेळी नवा बोळा. तरी पिवळी झाक राहिलीच तर ती घासत बसू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो. गाडी रोज थोडा वेळ ऊन लागेल अशी उभी केली की ती झाक आपोआप फिकी होत जाते. पुढच्या दसऱ्याला गंध लावायच्या जागी केळीच्या पानाचा तुकडा ठेवला तर हा सगळा खटाटोपच नको.

डॅशबोर्डवरच्या मूर्तीचा डिंक: गणपती काढताना ओढून काढू नका, डॅशबोर्डचं वरचं आवरण सोबत निघतं. हेअर ड्रायरनं टेप कोमट करा, मग मूर्तीखालून दाताचा फ्लॉस किंवा पतंगाचा साधा दोरा (मांजा मुळीच नको) करवतीसारखा ओढा. मूर्ती सुटते. राहिलेला डिंक अंगठ्यानं चोळून त्याच्या गोळ्या करा आणि शेवटच्या चिकटपणाला अल्कोहोल लावा. ती मूर्ती परत बसवताना ‘एसआरएस एअरबॅग’ असं लिहिलेल्या झाकणावर बसवू नका. एअरबॅग उघडली तर मूर्ती समोरच्या माणसाच्या अंगावर गोळीसारखी येईल.

खरे ओरखडे

नख घसरलं नाही अशी पांढरी रेघ असेल तर आधी ड्रेसिंग लावून बघा, निम्म्याहून जास्त वेळा तेवढ्यानं भागतं. भागलं नाही तर उष्णता. घरचा हेअर ड्रायर सर्वांत गरम सेटिंगवर, पंधरा सेंटिमीटर लांब, सतत हलता. एका जागी मनात दहा मोजण्याइतकंही थांबायचं नाही. मिनिटभर झालं की बोटाच्या पाठीनं चाचपा. हात ठेवता येणार नाही इतकं तापलं की थांबा आणि गार होऊ द्या. ताणामुळे पांढरं पडलेलं प्लास्टिक उष्णतेनं थोडं सैल होतं आणि रंग बराचसा परत येतो. डिकीच्या कडेला माझ्याकडे याचा चांगला परिणाम दिसला. रेघा गेल्या नाहीत, पण हातभर अंतरावरून दिसत नाहीत.

हीट गन मी सुचवणार नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, एबीएस तर १०० च्या आसपासच मऊ पडू लागतं आणि हीट गनचा झोत ५०० च्या घरात जाऊ शकतो. क्षणात दाणे वितळून तिथे चकाकी येते. मूर्तीची टेप कोमट करण्यापुरतं सोडलं तर ड्रायरसुद्धा डॅशबोर्ड, स्टिअरिंग, पिलर (छताला आधार देणारे खांब) अशा एअरबॅगच्या जागांपाशी आणि मीटरजवळ वापरायचा नाही.

नख घसरतं असा खोल ओरखडा असेल तर त्याच्या कडेला उचललेली पापुद्र्यासारखी किनार असते. तीच उजेडात चमकते. नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून फक्त ती किनार कापा. खाच राहते, पण नजरेला पहिल्यासारखी टोचत नाही. दाणेदार प्लास्टिकवर पॉलिश पेपर फिरवू नका आणि फिलर भरून रंग मारायच्या भानगडीत पडू नका; दाण्यांचा पोत घरी परत आणता येत नाही. उंबरठ्याची पट्टी किंवा डिकीची कड फारच गेली असेल तर नवं पॅनल बसवणं बरं. ते बहुतेक क्लिपांवर बसलेलं असतं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं उचलता येतं, पण हे काम दुपारच्या उबेत करा. निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो, अशा गारठ्यात क्लिपा काडीसारख्या मोडतात.

चकचकीत काळ्या पट्ट्यांचं गणित उलटं. तिथे दाणे नाहीत, म्हणून प्लास्टिक पॉलिश चालतं: वाटाण्याएवढं, मऊ फडक्यावर, सरळ रेषेत. मीटरच्या काचेवर मात्र दमट फडक्यापलीकडे काही नको, अमोनियावाला काचेचा स्प्रे तर नाहीच.

काही गाड्यांत हँडल किंवा बटणं हाताला चिकट लागतात आणि काळं निघतं. तो मळ नाही. मऊ स्पर्शासाठी दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमटपणा आणि उष्णतेनं कुजलेला असतो. कितीही धुतलं तरी चिकटपणा परत येतो. अल्कोहोलनं तो थर पूर्ण काढून खालचं कडक प्लास्टिक उघडं करायचं किंवा तो भाग बदलायचा, दोनच रस्ते आहेत.

ड्रेसिंग आणि त्यानंतर

खोबरेल तेल लावू नका. घरोघरी ही सवय आहे आणि पहिल्या दिवशी प्लास्टिक खरंच नव्यासारखं दिसतं. आठवड्यात त्यावर काळी धूळ चिकटते, महिन्यात खवट वास येतो. तेलकट, चकाकणारी सिलिकॉन पॉलिशही मला पटत नाहीत. दुपारच्या उन्हात डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि कसारा घाटात समोर ते प्रतिबिंब नको असतं.

मॅट ड्रेसिंग फडक्यावर घ्या, पातळ लावा, दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्यानं जादाचं पुसून टाका. हात फिरवल्यावर बोट कोरडं राहायला हवं. स्टिअरिंग, गिअरचा दांडा, पेडल आणि उंबरठ्याची पाय पडणारी जागा यांना लावायचं नाही, तिथे घसरणं धोक्याचं. कडक उन्हाच्या दिवसांत मी महिन्यातून एकदा लावते, पावसाळ्यात लावत नाही.

डिकीसाठी आम्ही या वर्षी जुनी सतरंजी दुमडून दोन्ही बाजूंना उभी केली आणि क्रेट तिच्या आत ठेवले. उंबरठ्याच्या पट्ट्या स्वच्छ धुऊन, अल्कोहोलनं पुसून, वाळल्यावर त्यांवर पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवली. ओली किंवा ड्रेसिंग लागलेली जागा असेल तर फिल्म दोन दिवसांत सुटते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात जाणं-येणं असेल तर दारात एक पोतं टाकून ठेवा आणि बूट त्यावर झटकूनच पाय आत घ्या. वडिलांसाठी ड्रायव्हरच्या शेजारच्या दाराच्या कप्प्यात एक खोडरबर आणि एक फडकं कायमचं ठेवलंय. ताजा फराटा मळ्यातून घरी येईपर्यंत पुसला जातो, त्याला घट्ट बसायला वेळच मिळत नाही.